पागडीची भाडेकरीण

गिटारचं वर्णन बाईच्या बांध्याची उपमा देऊन करायची एक जुनी आणि आता कंटाळवाणी झालेली रीत आहे. मला ती तशी कधी दिसली नाही. मला ती दिसते गिरगावातल्या एखाद्या पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरणीसारखी. घर तिच्या नावावर नाही, मालक तिला आपलं म्हणत नाही, पण तिला बाहेर काढायची कुणाची प्राज्ञा नाही. चाळीतल्या सगळ्यांच्या लग्नात ती राबते, फोटोत मात्र कडेला उभी असते.

कुठलीही गिटार नव्हे. मी बोलतोय जॅझच्या गिटारविषयी: पोट पोकळ, पाठ आणि छाती किंचित फुगीर, पोटावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं, लोखंडी तारा, आणि तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं गुंडाळलेलं लोहचुंबक, जे तारेची थरथर विजेत उतरवतं. वजनाला बेताची, स्वभावाला हळवी. मुंबईचा पावसाळा तिला मानवत नाही. जूनमध्ये लाकूड ओल पितं, मान वाकते, तारा पडद्यांवर घासून खर्र वाजू लागतात. मानेच्या आत एक लोखंडी सळी असते, ती किल्लीनं पिळून मान सरळ करावी लागते. खाऱ्या हवेनं तारा गंजतात. वाजवून झाल्यावर फडक्यानं एकेक तार पुसून ठेवणारा माणूस दिसला की समजावं, हा समुद्राजवळ राहणारा वादक आहे.

तिचा खरा हट्ट मात्र वेगळा आहे, आणि तो तिच्या हाडातच बसवलेला आहे. तिच्या मानेवर पितळी किंवा निकेलचे पडदे ठोकलेले असतात, आणि ते हलत नाहीत. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले. राग बदलला की वादक ते सरकवून घेतो. गिटारचा हिशोब कारखान्यातच पक्का होतो. प्रत्येक पडदा आधीच्यापेक्षा साधारण साडेपाच टक्के कमी अंतरावर, बारावा पडदा बरोबर तारेच्या मध्यावर, आणि सप्तकाचे बारा तुकडे अगदी सारखे. सारखे म्हणजेच थोडे खोटे. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार जिथे असतो, त्याहून गिटारचा गांधार सुराच्या बारीक मापात चौदा सेंट चढा लागतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याला तेवढं पुरतं.

हाच आरोप आपल्याकडे पेटीवर झाला होता. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला दारातून बाहेर काढलं, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. पण पेटीच्या पाठीशी गोविंदराव टेंबे होते, संगीत नाटक होतं, अख्खं कीर्तन होतं. रेडिओनं हाकललेली पेटी महाराष्ट्रातल्या एकाही घरातून बाहेर गेली नाही. गिटारच्या बाजूनं बोलणारं असं कुणी नव्हतं. तिच्यावर आरोपही कुणी केला नाही, कारण तिला मैफलीत बोलावण्याचा विचारच कुणाच्या मनात आला नव्हता.

तिची पहिली नोकरी मागच्या रांगेतली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या गर्जनेत तिचा आवाज ऐकू येत नसे. तिनं चारही मात्रांवर कॉर्ड छाटत राहायचं, एवढंच काम. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीननं हे काम इतक्या निष्ठेनं केलं की तो थांबला तरच लोकांच्या लक्षात यावं. 1936 साली गिब्सन कंपनीनं ईएस-150 नावाची विजेची गिटार बाजारात आणली. नावातल्या ‘ईएस’चा अर्थ ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारपेक्षा ही वेगळी, छातीशी उभी धरायची. चार्ली ख्रिश्चन नावाचा एक काळा तरुण 1939 साली बेनी गुडमनच्या ताफ्यात ही गिटार घेऊन आला आणि सॅक्सोफोनसारख्या लांब लांब ओळी वाजवू लागला. 1942 साली, पंचविशीतच, तो गेला. त्या दोन-तीन वर्षांत मात्र मागच्या रांगेतली बाई पुढे येऊन बोलायला शिकली होती.

1936 हे साल लक्षात ठेवावं. त्याच वर्षी मुंबईत एका गोवेकर कुटुंबात अमान्सिओ डिसिल्वा जन्मला.

पण त्याच्याकडे जाण्याआधी गिटार गिरगावच्या वस्तीत आली कशी ते सांगायला हवं. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून संगीताच्या शाळा असत. तिथे पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत. कागदावरचं संगीत वाचणारा असा एक अख्खा समाज तयार झाला, आणि पोट भरायला तो मुंबईला आला. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या: एका गावची माणसं एका माळ्यावर, प्रत्येकाची एक पेटी, भिंतीवर क्रूस आणि गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सगळ्यांची मिळून रोझरी. बोटीवर काम मिळेपर्यंत खलाशी तिथे थांबत आणि हॉटेलात काम मिळेपर्यंत वादक. खालच्या रस्त्यावर, जेर महालाच्या परिसरात, कुणाला ट्रम्पेट हवा, कुणाला ड्रमवाला हवा, याचा बाजार उभ्याउभ्या चाले. फुर्टाडोचं दुकान तिथलंच, 1865 सालचं. मांडो गाण्यांच्या साथीला गोव्यात जी गिटार घुमट वाद्याशेजारी बसायची, ती या रस्त्यावर येऊन शहरी झाली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. धोबीतलाववरून चिराबाजार, कावेल, ठाकूरद्वार करत चालत निघालं तर अर्ध्या तासात माणूस ऑपेरा हाउसला पोचतो. तिथे प्रोफेसर बी. आर. देवधरांचं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक, जिथे लहानग्या कुमार गंधर्वांना आणून ठेवलं होतं. वाटेत खोताची वाडी, चर्च, ब्राह्मण सभा, खानावळी. एका टोकाला भूप, दुसऱ्या टोकाला फॉक्सट्रॉट, आणि मध्ये ट्रामचा एक रस्ता. दोन्ही टोकांची माणसं एकाच इराण्याकडे चहा प्यायची. तरी गिटारला हा अर्धा तास ओलांडायला फार वर्षं लागली, आणि शेवटी ती तो लंडनमार्गे ओलांडून गेली.

हॉटेलांनी तिला वाढवलं. 1935 साली लिऑन अॅबी आपला काळ्या वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफर्ड. गोवेकरांनी त्यांच्या शेजारी बसून ती विद्या कानानं उचलली. अंतोनियो झेवियर वाझ नावाचा ट्रम्पेटवाला ‘चिक चॉकलेट’ झाला आणि लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मग स्वातंत्र्य आलं आणि त्यामागोमाग दारूबंदी. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा 1949चा. नृत्याच्या फरशीवरची गर्दी ओसरली, बँड लहान झाले, आणि वादकांनी सकाळच्या लोकल पकडल्या. महालक्ष्मीला फेमस, ताडदेवला फिल्म सेंटर, परळला शांतारामबापूंचं राजकमल. कागदावरचं वाचून पहिल्या टेकला बिनचूक वाजवणारी माणसं सिनेमावाल्यांना हवीच होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी अरेंजर म्हणून हिंदी गाण्याच्या खाली जो सुरांचा पाया घातला, त्यावर आपल्या चार पिढ्यांचं प्रेम उभं आहे.

या पायात गिटार आहे, पण शोधावी लागते. दोन अंतऱ्यांमधल्या तुकड्यात ती दोन ओळी बोलते आणि परत पदराआड जाते. भावगीताच्या मागे ती हलक्या हातानं कॉर्ड सोडत राहते. गाणं ऐकताना तिच्याकडे लक्ष जात नाही, ती काढून टाकली तर मात्र गाणं एकदम उघडं वाटतं. शिफ्टचे पैसे मिळत, तबकडीवर नाव नसे. पागडी म्हणून दिलेल्या रकमेची पावती मिळत नसे, तसंच ते.

इथे मला आफ्रिकेकडे वळायचं आहे, कारण तिथे हीच गिटार अगदी उलट्या दारानं आत आली. दक्षिण आफ्रिकेतला झुलू तरुण जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत आणि डर्बनच्या गोदीत मजुरीला गेला. कंपनीच्या बराकीत राहायचं, वर्षातून एकदा गावी जायचं. व्यापाऱ्याच्या दुकानात स्वस्त गिटार मिळायची. (जॉन लेननच्या हातातली सुरुवातीची ‘गॅलोटोन चँपियन’ ही अशीच दक्षिण आफ्रिकेत बनलेली स्वस्त गिटार.) मजुरानं ती घेतली आणि सगळ्यात आधी तिची सगळ्यात बारीक तार एक स्वर खाली उतरवली, कारण त्याच्या कानातला सूर तिथे होता. त्याच्या कानात होतं उमाख्वेयाना नावाचं बायकांचं वाद्य: धनुष्य, त्याला बांधलेला भोपळा, आणि मुख्यतः दोन मूळ स्वर, एकमेकांपासून साधारण एका स्वराच्या अंतरावर. सगळं गाणं या दोन स्वरांच्या झुल्यावर. गिटारचे सहा तारांचे कॉर्ड त्यानं बाजूला ठेवले आणि तो झुला तिच्यावर बांधला. अंगठा खालचा सूर धरतो, तर्जनी वरची चाल काढते. रस्त्यानं मैलोन्‌मैल चालता चालता तो हे वाजवत जाई.

यालाच मस्कंदी म्हणतात. त्याची मांडणी आपल्या माणसाला ओळखीची वाटेल. आधी ‘इसिहलाबो’: लय नसलेला एक झपाट्याचा तुकडा, ज्यात वादक तारा तपासतो, सूर जाहीर करतो आणि आपण कोण आहोत ते दाखवून देतो. मग गाणं. आणि गाण्याच्या मध्येच ‘इझिबोंगो’, श्वास न घेता बोललेली स्वतःची, बापाची, गावाची, नदीची बिरुदावली. आलाप आणि पोवाड्यातला शाहीर एकाच माणसात. जॉन भेंगू ऊर्फ फुझुशुकेला या वादकानं हे रेकॉर्डवर आणून झुलूंच्या घराघरांत पोचवलं. पुढे डर्बनच्या मदाला कुनेनेसारख्यांनी त्यावर आपला संथ, स्वप्नाळू बाज चढवला आणि जॅझवाले या सगळ्याकडे, पाणवठ्यावर यावं तसे, परतून येऊ लागले. झुलू जॅझ गिटारवाद्याला आपल्या मातीचा सूर जॅझमध्ये आणायचा असतो तेव्हा गिटारला नवी भाषा शिकवावी लागत नाही. तिला ती त्याच्या चुलत्यानं, बराकीत, आधीच शिकवलेली असते.

मुंबईत हे घडलं नाही, आणि का घडलं नाही हे लालबागमध्ये उभं राहिलं की कळतं. आपलेही मजूर होते, आपल्याही बराकी होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचा आणि शिमग्याला-गणपतीला गावी जायचा. त्याच्याकडे डफ होता, तुणतुणं होतं, ढोलकी होती, मृदंग होता. नमन होतं, बाल्या नाच होता, भजनाची डबलबारी होती. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभारलं ते याच सामग्रीवर. गिटार तिथून काही मैलांवरच होती, पण ती सूटबूट घालून हॉटेलात जात होती. परळच्या कामगाराच्या लेखी ती साहेबाची किंवा पाद्र्याची. झुलू मजुराला गिटार दुकानात मिळाली. आपल्या मजुराला ती फक्त सिनेमाच्या पडद्यावर, नायकाच्या हातात दिसली.

तारवाद्याची भूक मात्र त्यालाही होती, आणि ती भागवायला एक चमत्कारिक पाहुणा आला. 1912 साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना घेऊन एक वाद्य बनवलं, तैशोगोतो. लांबट पेटी, तारा, आणि बटण दाबलं की तार पडद्यावर टेकते. हिंदुस्थानात ते बुलबुल तरंग झालं. लालबाग-परळमध्ये त्याला वीज जोडली गेली आणि ते ‘बेंजो’ झालं; अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. टेंपोवर जनरेटर, कर्णे, कीबोर्ड, पुढे ताशा, ढोलकी, कच्छी ढोल, आणि या सगळ्यावर स्वार झालेला बेंजोचा तो कर्कश, चिकट, अंगात येणारा आवाज. कोळीगीताची चाल त्यावर जितकी खुलते तितकी दुसऱ्या कशावर खुलत नाही, असं माझं ठाम मत आहे. अनंत चतुर्दशीला भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत उभं राहून कुणीही ते तपासून घ्यावं. पडदे बेंजोचेही पक्केच. गांधार त्याचाही चढाच. पण मिरवणुकीत चौदा सेंटांचा हिशोब कोण करतो?

म्हणजे मुंबईत कामाची वाटणी झाली. गिटारनं जॅझ घेतलं, बेंजोनं माती घेतली. दोघं एकाच शहरात, एकमेकांना न भेटता.

अमान्सिओ डिसिल्वाचं वेगळेपण इथे आहे. तो गिटारच्या बाजूचा माणूस, चार्ली ख्रिश्चन आणि वेस मॉन्टगोमेरीच्या रेकॉर्डी ऐकत वाढलेला, हॉटेलांच्या बँडमध्ये मुंबईत आणि उत्तरेकडे सिमल्यापर्यंत वाजवत हिंडलेला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा त्याला आश्रय मिळाला. जॅझ गिटारवाद्याला संस्थानिकाचा आश्रय! खाँसाहेबांच्या घराण्यात शोभणारी ही गोष्ट आपल्या पागडीच्या बाईच्या वाट्याला एकदाच आली. 1967 साली तो बायकोमुलांसह लंडनला गेला.

तिथे वारा अनुकूल होता. कलकत्त्यात वाढलेले जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 साली ‘इंडो-जॅझ स्वीट’ केलं होतं. त्यात तबल्यावर मुंबईहून गेलेले केशव साठे होते. निर्माता डेनिस प्रेस्टन. या प्रेस्टननंच अमान्सिओला आपल्या स्टुडिओत आणलं आणि 1969 साली ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. सगळे पक्के ब्रिटिश. रचनांची नावं मात्र ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’. एक ‘जॉइस कंट्री’सुद्धा आहे: तो आयर्लंडमधला एक मुलूख, आणि जॉइस हे त्याच्या आयरिश बायकोचं नाव. नवऱ्यानं एका दगडात दोन पक्षी मारले.

त्याच वर्षी ‘हम दोनो’. मराठी वाचकाला देव आनंद आठवेल, आणि अमान्सिओलाही आठवला नसेल असं मी म्हणणार नाही. पण इथले दोघं म्हणजे तो आणि जो हॅरियट. एक गोव्याचा, एक जमैकाचा, दोघंही परक्या देशातल्या थंडीत. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची संथ रचना आहे आणि नॉर्मा विन्स्टन ही गायिका शब्दांशिवाय, नुसत्या आवाजानं गाते.

या तबकड्यांमध्ये गिटार नेमकं काय करते? सतारीची नक्कल ती करत नाही. त्या काळात सतारीची नक्कल करणाऱ्या गिटारींचा सुळसुळाट होता. बीटल्सच्या नादानं प्रत्येक पॉप बँडला चार गुंगीचे सूर हवे होते. अमान्सिओ त्या वाटेनं गेला नाही. त्याला मदत झाली ती जॅझमध्येच झालेल्या एका बदलाची. चाळीस-पन्नासच्या दशकातलं जॅझ म्हणजे दर दोन मात्रांना बदलणारे कॉर्ड. तिथे रागाला बसायला जागाच नव्हती, कारण पाट सतत सरकत होता. 1959 साली माइल्स डेव्हिसनं ‘काइंड ऑफ ब्ल्यू’मध्ये कॉर्ड जवळजवळ थांबवले. एकच स्वरपंक्ती धरून मिनिटभर हिंडायचं. कोलट्रेननं तर पुढे मुलाचं नावच रवि शंकरांवरून ठेवलं. षड्ज हलायचा थांबला, आणि हिंदुस्थानी कानाच्या माणसाला दार उघडलं.

त्या दारातून अमान्सिओची गिटार आत येते ती आपल्या मर्यादा सोबत घेऊन. लांब मींड तिला येत नाही, म्हणून ती मींडेचा आव आणत नाही. ती खालची तार मोकळी सोडून जोडासारखी गुणगुणत ठेवते, वरच्या तारा बोटानं किंचित बाजूला ओढते, एका स्वरावर चारदा येऊन पाचव्यांदा त्याला बगल देते, आणि वाक्य असं संपवते की कॉर्डची अपेक्षा असलेल्या कानाला तो मुक्काम वाटावा आणि समेची अपेक्षा असलेल्याला सम. शब्द जॅझचे, पण बोलताना सूर वर न्यायचा कुठे आणि खाली सोडायचा कुठे, ही सवय इकडची.

हा प्रश्न दुसऱ्यांनी दुसऱ्या तऱ्हेनं सोडवला. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घातली, पडद्यांना निवृत्त केलं आणि तारेवरून धातूचा तुकडा सरकवत मींड काढली. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्या बरोबरीनं ती गिटार बसली, आणि तिला मैफलीचं आमंत्रण मिळालं. जॉन मॅकलॉफ्लिननं ‘शक्ती’ या ताफ्यासाठी पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेली आणि तरफा लावलेली गिटार बनवून घेतली, म्हणजे बोट आत दाबलं की सूर वर चढतो. दोन्ही उपाय सुंदर आहेत. पण पहिल्यात ती गिटार राहिली नाही, वीणेची बहीण झाली; दुसऱ्यात तिच्या हाडांवर शस्त्रक्रिया झाली. अमान्सिओनं तिला आहे तशी उभी ठेवली. मला तोच अधिक अवघड मार्ग वाटतो, आणि कीर्ती त्यालाच सगळ्यात कमी मिळाली हेही ओघानं आलंच.

मुंबईनं संधी दिल्या नव्हत्या असं नाही. 1958 साली डेव्ह ब्रुबेक इथे आला तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. त्याच वर्षी अँथनी गोन्साल्विस यांनी धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भला मोठा वाद्यवृंद उभा करून त्यावर राग मांडायचा घाट घातला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सगळं स्वरलिपीत लिहिलेलं. लोक आले, वाहवा झाली, आणि सोमवारी सगळे वादक परत शिफ्टला गेले. काही वर्षांनी गोन्साल्विसही अमेरिकेला गेले. सॅक्सोफोनवर ब्राझ गोन्साल्विस यांनी 1970 साली ‘रागा रॉक’ केलं. मग 1978 साली रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, पहिली जॅझ यात्रा भरली आणि सॉनी रोलिन्स धोबीतलावला येऊन वाजवून गेला. जेर महालाच्या कोपऱ्यावर उभं राहून कामाची वाट पाहिलेल्यांना हे चालत जाऊन ऐकता आलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवन गप्प झालं. शेजारी कॉलेज, जवळ इस्पितळं. नियमाला दोष देता येत नाही, पण चुटपूट लागतेच.

लंडनमध्येही तो वारा फार टिकला नाही. 1973 साली जो हॅरियट गेला. रॉकच्या गदारोळात जॅझच्या तबकड्या मागे पडल्या, ‘हम दोनो’ बाजारातून नाहीशी झाली आणि पुढची कित्येक वर्षं जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांच्या जिभेवरच राहिली. अमान्सिओनं सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘कोकण डान्स’ नावाचं ध्वनिमुद्रण केलं. ते प्रसिद्ध झालं 2006 साली. तो 1996 सालीच गेला होता.

‘कोकण डान्स’ हे नाव वाचून मी लालबागच्या बेंजोवाल्यांचा विचार करतो. त्यांच्याकडे कोकणचा नाच आहे आणि त्यांनी हे नाव ऐकलेलं नाही. झुलू जॅझवाल्याला बराकीतला मस्कंदी वादक रस्त्यात भेटतो. अमान्सिओला लंडनच्या स्टुडिओत सतारवाला मिळाला, तबलजी मिळाला, कोळीगीत वाजवणारा बेंजोवाला मिळाला नाही. मिळाला असता तर काय झालं असतं? बहुधा पहिले पंधरा दिवस आवाजाच्या पातळीवरून भांडण झालं असतं. पण दोघांचे पडदे सारखेच पक्के, सूर सारखेच चढे, दोघांनाही मींड येत नाही आणि दोघांचंही त्यावाचून अडत नाही. गिटार आणि सतारीपेक्षा गिटार आणि बेंजोचं जास्त जमलं असतं, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

हल्ली टेंपोवर बेंजोशेजारी कधीमधी एखादी गिटार दिसते. बासची असते, रंगानं भडक, पोट भरीव, जॅझवाली नव्हे. गिरगावात नव्या टॉवरांच्या छायेत पागडीच्या चाळी एकेक करून उतरतायत आणि भाडेकरूंना मालकीचे फ्लॅट मिळतायत. आपल्या बाईचंही तसंच काहीसं झालंय: दादरला शिकवणीचे वर्ग, कॉलेजच्या मुलांच्या पाठीवर काळी खोळ, प्रत्येक इमारतीत एक तरी.

अमान्सिओच्या एका रचनेचं नाव ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आहे. रस्ता कुठला ते नावात नाही. कुलाब्याची माणसं त्यावर हक्क सांगतील, वांद्र्याची तर सांगतीलच. माझं मत धोबीतलावहून ठाकूरद्वारकडे येणाऱ्या रस्त्याच्या बाजूनं आहे, आणि त्यात माझा गिरगावकरी स्वार्थ आहे हे मी नाकारत नाही.